घरी की गॅरेजात? आधी काय चुकू शकेल याचा विचार करा

संपादक महोदय,

गाडीची देखभाल घरी करावी की गॅरेजला द्यावी, हा विषय निघाला की बोलणे लगेच मजुरीवर येते. किती वाचले आणि किती गेले, एवढेच मोजले जाते. हा हिशेब खोटा नाही, पण कोणते काम कोणी करावे हे त्यावरून ठरवले की गल्लत होते. काम सोपे की अवघड, ही कसोटीही फसवी आहे. पुढचे ब्रेक पॅड बदलणे हातांसाठी सोपे काम आहे: चाक काढायचे, कॅलिपरचे बोल्ट सोडवायचे, पिस्टन मागे दाबायचा, नवे पॅड बसवायचे. उलट काही गाड्यांत हेडलाइटचा बल्ब बदलायला पुढचा बंपर सैल करावा लागतो. तरीही नवख्याने बल्बला हात घालावा, ब्रेकला घालू नये. बल्ब नीट बसला नाही तर दिवा लागत नाही आणि ते गाडी जागेवरून हलण्याआधीच दिसते. ब्रेकमधली चूक उतारावर कळते.

म्हणून पाना उचलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हातून चूक झाली तर ती कधी कळेल? आणि कळेपर्यंत काय बिघडलेले असेल?

या कसोटीवर काही कामे प्रत्येक मालकाने स्वतः करायलाच हवीत. टायरची हवा त्यात पहिली. गाडी किमान तीन तास उभी असताना, टायर गार असताना मोजायची आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याइतकी ठेवायची. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरणे ही फार पसरलेली चूक आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की हवेचा दाब साधारण १ ते २ पीएसआयने कमी भरतो, त्यामुळे ऋतू बदलला की पुन्हा मोजावे. त्याच वेळी टायरची झीज पाहावी. मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, आणि एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे. हे निदान फुकट मिळते आणि त्यासाठी एकही बोल्ट सोडवावा लागत नाही.

एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर हीही घरचीच कामे. केबिन फिल्टरवर बाण असतो. तो हवेच्या वाहण्याची दिशा दाखवतो, वर-खाली नव्हे. एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवणारे अनेक आहेत, पण दाबाची हवा बाहेरून आत मारली तर धूळ कागदात आणखी रुतते आणि कागद फाटूही शकतो. फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते. नवा फिल्टर घालणे बरे. झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्या आणि फिल्टरची रबरी कड सगळीकडे टेकली, हे बोट फिरवून पाहावे.

बॅटरीबाबत एक क्रम पक्का लक्षात ठेवावा. काढताना आधी ऋण टोक, लावताना ऋण टोक शेवटी. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते जोडलेले असताना धन टोकावरचा पाना सांगाड्याला टेकला की थेट शॉर्ट होतो, पाना लाल होण्याइतका. गाडी चालू होत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी आणण्याआधी मल्टिमीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १२ च्या घरातच राहिले तर संशय आल्टरनेटरवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर, घ्यावा. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे एका मापावर निर्णय घेऊ नये.

आता ऑइल बदलण्याविषयी, कारण घरी काम करणारा बहुतेक इथूनच सुरुवात करतो आणि इथल्या चुका लपून राहतात. पहिली चूक म्हणजे चुकीचा बोल्ट उघडणे. गाडीखाली शिरल्यावर इंजिनाच्या चेंबरचा आणि गिअरबॉक्सचा बोल्ट जवळजवळ दिसतात. गिअरबॉक्स रिकामा होतो, इंजिनात जुन्या ऑइलवर नवे ओतले जाते आणि गाडी दोन्हीकडून मार खाते. बाहेर आलेले ऑइल काळे नसून स्वच्छ दिसले तर तिथेच थांबावे. दुसरी चूक फिल्टरची. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनाला चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच चढतो. जागेवर इंजिन चालवताना काही जाणवत नाही, पण रस्त्यावर दाब वाढला की दुहेरी रिंग सरकते आणि काही मिनिटांत सगळे ऑइल बाहेर येते. म्हणून जुना फिल्टर हातात घेऊन त्याची रिंग त्यालाच आहे ना, हे आधी पाहावे. नव्या रिंगेला ऑइलचे बोट फिरवावे, ती टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि मग साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी सुटत नाही.

चेंबरच्या बोल्टचे वॉशर दर वेळी नवे घालावे. जुने एकदा दबलेले असते. ते गळते म्हणून माणूस बोल्ट आणखी आवळतो आणि ॲल्युमिनिअमच्या चेंबरचे आटे जातात. अनेक गाड्यांत या बोल्टला २५ ते ४० न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, लागतो. पहिला खर्च त्यावरच करावा असे माझे मत आहे. ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचेच हवे. ०डब्ल्यू-२० हा पातळ ग्रेड लिहिला असेल तर ‘जाड ऑइल इंजिनाला चांगले’ हा सल्ला ऐकू नये. सांगितलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी ओतावे, इंजिन चालू करून ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतो का पाहावे (न विझल्यास तत्काळ बंद), फिल्टर आणि बोल्टपाशी टॉर्च मारून गळती पाहावी आणि इंजिन बंद करून सपाट जागेवर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत आणावे. खुणेच्या वर खूप गेलेले ऑइल काढून टाकावे. फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेस दाब धरत नाही.

या कामात सर्वांत मोठा धोका ऑइलचा नाही, जॅकचा आहे. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जीव पणाला लावणे. कडक सपाट जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि ठरलेल्या जागी गाडीचे वजन पेलणारे दोन जॅक स्टँड हवेत. मागची बाजू उचलल्यावर बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक निरुपयोगी होतो, कारण तो मागच्याच चाकांवर असतो. स्टँड नसतील तर हे काम घरी करू नये.

स्पार्क प्लग मधल्या वर्गात बसतात. इंजिन पूर्ण गार हवे, प्लगच्या खोबणीतली धूळ आधी फुंकून काढायला हवी आणि नवा प्लग रबरी नळीच्या टोकात अडकवून बोटांनी फिरवायला हवा. तिरका लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. पान्याने सुरुवात केली तर हेडचे आटे कापले जातात आणि ती दुरुस्ती प्लगच्या पटींनी महाग पडते. वॉशर असलेला नवा प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे.

ब्रेक मात्र अनुभव येईपर्यंत गॅरेजचाच विषय राहू द्या, पण त्याची तपासणी सोडू नका. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते तेव्हा बहुधा पॅड झिजलेले असतात. नुसते ऑइल वर भरून समाधान मानले की ती सूचना पुसली जाते आणि पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलल्यावर जास्तीचे ऑइल सांडून रंग खाते. पातळी झपाट्याने उतरली तर मात्र गळती आहे, गाडी चालवू नये. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावरची किमान अट केवळ १५५ आहे. लांब घाटात ते तापून उकळले की पेडल मऊ पडते, म्हणून अनेक गाड्यांत ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. पॅड बदलून आणलेल्या गाडीत निघण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करावे. कोणी विसरले असेल तर पहिल्या दाबाला ते तळाला जाते.

टायमिंग बेल्ट, एअरबॅग, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, हायब्रिड गाडीतल्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी तारा यांना घरी हात लावू नये. एसीचा गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता दरवर्षी गॅस भरणे व्यर्थ आहे.

गॅरेजही चुकते, हे सांगायलाच हवे. चाकाचे नट हवेच्या गनने बेसुमार आवळले जातात आणि रस्त्यात पंक्चर झाले की ते माणसाच्या हाताने सुटत नाहीत. बऱ्याच छोट्या गाड्यांना ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, तेही समोरासमोरच्या क्रमाने, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून. स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला की सेन्सर बदलून टाकणे हीसुद्धा नेहमीची घाई. तो कोड एवढेच सांगतो की मिश्रणात इंधन कमी पडते आहे. कारण फुटलेला हवेचा पाइप असेल, मळलेला एअरफ्लो सेन्सर असेल किंवा दमलेला इंधन पंप. ‘कोणती चाचणी करून हा भाग ठरवला?’ असे विचारणे ग्राहकाचे काम आहे. काम देतानाच जुने भाग परत द्यायला सांगावे. गाडी ताब्यात घेताना डिपस्टिक काढून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी गाडीखालची जमीन.

एक चूक अशी आहे जी करणाऱ्याला कधीच कळत नाही: काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतणे. ते पाण्यात उतरते. जुने ऑइल झाकणाच्या डब्यात भरावे, त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नये, कारण मिसळलेले पुनर्वापराला घेत नाहीत. फिल्टर उपडा ठेवून रात्रभर निथळू द्यावा. हे सगळे कोण घेईल, याची चौकशी बोल्ट सोडवण्यापूर्वी करावी. कोणी घेणारे सापडले नाही तर ऑइल बदलण्याचे काम गॅरेजलाच द्यावे.

– एक वाचक