तपासलेलं जर्नल बोलायला हवं

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात टी.वाय.च्या एका मुलीचं जर्नल तपासत होते. ब्युरेटचं (द्रावण मोजायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग 10.3 मि.लि. आणि द्रावणाच्या तीव्रतेचं उत्तर 0.0970873786 नॉर्मल! कॅल्क्युलेटरवर दिसले तेवढे सगळे आकडे तिने उतरवले होते. ब्युरेटवरचा लहानात लहान भाग 0.1 मि.लि.चा, त्या रीडिंगवरून 0.0971 च्या पुढे काही लिहिण्यात अर्थ नाही. तिचं एफ.वाय.चं जर्नल शोधून काढलं. तिथेही हीच चूक, आणि खाली माझीच सही. शेरा एका शब्दाचा नाही. मला फार वाईट वाटलं.

मग एका शनिवारी विभागातले आम्ही चौघे पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाची जर्नलं शेजारी शेजारी ठेवून बसलो. सार्थ अंक, म्हणजे मोजमापावरून भरवसा ठेवता येईल तेवढेच आकडे लिहिणं, पहिल्या सेमिस्टरला शिकवतो, पुढे एकाही प्रॅक्टिकलला त्याचे गुण नाहीत. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी करून घेत असेल.

नॅकच्या मूल्यांकनासाठी सीओ-पीओ अटेनमेंटचे, म्हणजे विषयाची आणि पदवीची उद्दिष्टं किती साध्य झाली याचे, तक्ते आम्हीही भरतो. एक्सेलमध्ये आकडा येतो, फाइल कपाटात जाते. ही मुलगी कुठे अडली, हे त्या आकड्यातून कळत नाही.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात माहिती अधिकाराखाली मान्य केला. पण आपली मुलं फोटोकॉपी मागतात ती गुण वाढतील या आशेने, तीही निकाल लागल्यावर, पुढचं सेमिस्टर बरंच सरलेलं असताना.

आता आम्ही प्रत्येक प्रयोगाचे दोन गुण राखून ठेवतो. शेरा वाचून मुलाने तेच गणित पुन्हा करून आणलं, चूक तोंडाने सांगितली, की ते मिळतात. परवा एस.वाय.चा एक मुलगा आपणहून म्हणाला, ‘मॅडम, यातले शेवटचे आकडे माझे नाहीत, कॅल्क्युलेटरचे आहेत.’ मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. अभ्यास मंडळांनी प्रत्येक पदवीसाठी अशी चार-पाच कौशल्यं ठरवावीत, दरवर्षी ती पुन्हा तपासावीत आणि अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका पंधरा दिवसांत मुलांच्या हातात द्याव्यात. वीस जणांच्या बॅचला यात तासभर जास्त जातो. आमच्यातले दोघे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना तासिकेचेच पैसे मिळतात, तपासणीचे नाहीत. तो तास विद्यापीठाने आणि शासनाने कामाच्या भारात धरावा.

— रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका, सातारा