अर्ली निकालांबद्दल पालकांना विनंती

नमस्कार मंडळी,

अमेरिकन कॉलेजांच्या लवकर अर्ज करायच्या फेऱ्यांचे, म्हणजे अर्ली डिसिजन, अर्ली ॲक्शनचे निकाल लागताहेत. प्रवेश मिळालेल्या मुलांचं मनापासून अभिनंदन! बातमी इथे ग्रुपवर जरूर कळवा, पण आधी मुलांना विचारून. एसएटी (प्रवेशासाठीची परीक्षा), जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) यांची तुलना आणि 'तुमच्याकडे काय झालं?' हे मात्र कृपया नको. परवा एक मुलगी आईच्या फोनवर इथलेच पेढ्यांचे फोटो बघून भरल्या ताटावरून उठली. तिचा अर्ज डिफर झालाय, नाकारलेला नाही. तो रेग्युलर फेरीत पुन्हा वाचला जाईल, उत्तर मार्चअखेरीस. अशा मुलांचे पहिल्या सत्राचे गुण शाळेच्या कौन्सेलरकडून वेळेत पाठवून घ्या. बऱ्याच कॉलेजांची रेग्युलर मुदत १ जानेवारीच्या आसपास संपते. कितीतरी मुलांचे अर्जासोबतचे निबंध अजून अर्धवट आहेत, त्यांना घरात शांतपणे लिहू द्या.