लोपामुद्रा ही आपल्या विदर्भाची लेक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मुलींच्या वेगळ्या नावांची यादी आली होती, पन्नास नावं आणि समोर अर्थ. माझ्या भाचीने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, मामी बघ आपल्या लोपाचं नाव पेपरात आलंय म्हणून. मी लगेच चष्मा लावून बघितलं तर लिहिलेलं होतं, लोपमुद्रा, अर्थ विद्वान स्त्री. एका ओळीत दोन चुका. पेपरला पत्र मी याआधी कधी लिहिलेलं नाही, पण हे नाव माझ्या मुलीचं आहे आणि गेली बारा वर्षं मी त्याचा अर्थ सगळ्यांना सांगतेय, म्हणून लिहायला बसले.

पहिली चूक कान्याची. नाव लोपामुद्रा आहे, प ला काना. मुलीच्या जन्मदाखल्यावर पण असंच लोपमुद्रा छापून आलं होतं, खिडकीवरचे दादा म्हणाले मॅडम एका कान्याने काय फरक पडतो. मी म्हणलं दादा फरक पडतो, दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं तर उद्या दहावीच्या फॉर्मला पोरगी अडकेल. तीन चकरा आणि एक अफिडेविट, तेव्हा कुठे तो काना आला. आणि हा काना नुसता शुद्धलेखनाचा पण नाही. लोप आणि मुद्रा सरळ जोडलं तर लोपमुद्रा होतं, पण ऋग्वेदात नाव येतं ते लोपामुद्रा असंच, म्हणजे दोन शब्द घेतले आणि चिकटवले असं इथे झालेलं नाही, आणि म्हणूनच त्याचा अर्थ यादीतल्या त्या एवढ्याशा चौकटीत बसत नाही.

दुसरी चूक विद्वान स्त्री. मूळची लोपामुद्रा, म्हणजे अगस्ती ऋषींची बायको, विदुषी होती हे खरंच आहे, पण ती कोण होती ते वेगळं आणि नावाचा अर्थ वेगळा. या हिशोबाने तर सावित्री या नावासमोर शिक्षिका असं लिहावं लागेल. मुद्रा म्हणजे खूण, ठसा, ज्याच्यावरून एखादी गोष्ट ओळखू येते ते. लोप म्हणजे मावळणं. महाभारतात वनपर्वात गोष्ट आहे की अगस्तींनी वेगवेगळ्या प्राण्यांचं जे जे सुंदर ते ते घेऊन एक मुलगी घडवली, आणि परंपरेने नावाचा अर्थ लावला तो या गोष्टीवरून, की हरणाची ओळख त्याच्या डोळ्यांनी, पण हिचे डोळे बघितल्यावर हरणाची ती खूणच फिकी पडली. हिच्यापुढे बाकीच्यांच्या मुद्रा लोपल्या, ती लोपामुद्रा.

हे आधी नीट सांगायला पाहिजे होतं हे मला बारशाच्या दिवशी कळलं. नणंदबाईंनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्याने सगळ्यांना सांगितलं आणि सासूबाईंचा चेहराच उतरला. बायका पांगल्यावर मला आत बोलावून म्हणाल्या, काहून असं नाव ठेवलं वं, लोप होनं म्हनजे नाहीसं होनं, लेकराच्या नावात असं असते का कुठी. त्यांचं चूक नव्हतं, दोन लेकरं त्यांनी लहानपणीच गमावली होती, त्यांना तो शब्द टोचणारच. मी त्यांच्याजवळ बसून हरणाच्या डोळ्यांची गोष्ट सांगितली, त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तेल लावताना बाळाला म्हणत होत्या, हरीन कुठी गेलं, हरीन लपलं. शेवटपर्यंत त्या तिला हरणीच म्हणायच्या.

आता ती कोण होती तेही सांगते, कारण मला नाव आवडलं ते त्यासाठी. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १७९ वं सूक्त, फक्त सहा ऋचा, त्यातल्या पहिल्या दोन तिच्या नावावर आहेत. त्यात ती नवऱ्याला सांगते की कितीतरी शरद ऋतू मी रात्रंदिवस राबले, प्रत्येक पहाट वय वाढवत गेली, म्हातारपण शरीराची शोभा घेऊन जातं, आता तरी माझ्याकडे या. तप करत बसलेल्या ऋषीला बायकोने सरळ तोंडावर सांगितलेलं आहे, आणि ते वेदात जपून ठेवलेलं आहे, कुणी पुसलं नाही. मला हे पहिल्यांदा कॉलेजात मॅडमनी शिकवलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

महाभारतातली लोपामुद्रा तर त्याच्याही पुढे जाते. अगस्तींनी घडवलेली ती मुलगी विदर्भाच्या राजाकडे वाढली, राजा मूल व्हावं म्हणून तप करत होता. मोठी झाल्यावर अगस्ती मागणी घालायला आले, राजाला द्यायची इच्छा नाही आणि नाही म्हणायची हिंमत नाही, शाप देतील ही भीती, तेव्हा मुलगीच बापाला म्हणाली मला द्या, माझ्यापायी तुम्ही त्रासात पडू नका. गेली, दागिने रेशमी वस्त्रं उतरवून वल्कलं नेसली, बरीच वर्षं बरोबरीने तप केलं. आणि मग जेव्हा नवरा मूल हवं म्हणून जवळ आला तेव्हा म्हणाली, माझ्या वडिलांच्या वाड्यात होता तसा पलंग पाहिजे, तुम्हीही अंगावर दागिने घाला मीही घालते, या भगव्या फाटक्या कपड्यात मी येणार नाही. ते म्हणाले एवढं धन माझ्याकडे कुठून, ती म्हणाली तपाने होईल, ते म्हणाले तप खर्च होईल. त्यावर तिने काय म्हणावं, की तपही कमी होऊ देऊ नका आणि माझं म्हणणंही पूर्ण करा. मग ते तीन राजांकडे गेले, तिघांची जमा आणि खर्च सारखाच निघाला, म्हणजे घेतलं असतं तर प्रजेच्या तोंडचं गेलं असतं, म्हणून घेतलं नाही, आणि शेवटी इल्वल नावाच्या श्रीमंत असुराकडे गेले. त्याच्या भावाला, वातापीला, पचवल्याची गोष्ट आपल्याला सगळ्यांना माहीत असते, पोट चोळून लहान मुलांना सांगतात तीच, पण अगस्ती तिथे गेले कशाला हे कुणी सांगत नाही, ते बायकोने सांगितलं म्हणून गेले. परत आल्यावर विचारलं हजार मुलं पाहिजेत, शंभर पाहिजेत, दहा पाहिजेत की हजारांना भारी पडेल असा एक. ती म्हणाली एकच, पण शहाणा.

एवढं सगळं असलेल्या बाईसमोर तुम्ही दोन शब्द लिहिले म्हणून वाईट वाटलं.

आणि माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. ती आपली आहे. महाभारतात तिला वैदर्भी म्हणलंय. रुक्मिणी विदर्भाची, दमयंती विदर्भाची, रघुवंशातली इंदुमती विदर्भाची, आणि ही चौथी. पहिल्या तिघींची नावं आपल्या आज्यांच्या पिढीत किती होती बघा, माझ्याच माहेरी एक इंदुमती आणि एक दमयंती, रुक्मिणी तर विचारूच नका, तिचं माहेर कौंडिण्यपूर आमच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. अगस्तींना पण आपण विसरलो नाही, अकोल्याला, नगरकडच्या, प्रवरेकाठी त्यांचं देऊळ आहे, तिथल्या साखर कारखान्याला सुद्धा त्यांचं नाव आहे. लोपामुद्रा मात्र माहेरच्या लोकांना आठवत नाही. माझ्या मुलीच्या वर्गात तीन आराध्या आणि दोन स्वरा आहेत आणि अख्ख्या शाळेत लोपामुद्रा एकच.

नाव जपलं ते बाहेरच्यांनी. बंगालमध्ये आणि ओडिशात हे नाव कुणाला वेगळं वाटत नाही, गायिका लोपामुद्रा मित्र तिकडच्याच. कूर्गमध्ये तर मानतात की लोपामुद्राच पुढे कावेरी नदी झाली, अगस्तींच्या कमंडलूतून वाहिली, तलकावेरीला, म्हणजे तिच्या उगमाला, ऑक्टोबरमध्ये तुला संक्रांतीला त्यासाठी गर्दी होते. ललिता सहस्रनाम रोज म्हणणाऱ्या आपल्याकडे पण पुष्कळ बायका आहेत, त्यात लोपामुद्रार्चिता असं नाव येतं, लोपामुद्रेने जिची पूजा केली ती देवी, म्हणजे तोंडात नाव रोज येतं पण लेकीला ठेवत नाही. मधे नागपूरची लोपामुद्रा राऊत २०१६ च्या बिग बॉसमध्ये होती तेव्हा जरा बरं झालं, नाव सांगितलं की लोक म्हणायचे हो हो ती टीव्हीवरची, निदान दोनदा सांगावं लागत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हावड्याच्या गाडीने चाललो होतो. समोरच्या बर्थवर एक बंगाली काकू होत्या, त्यांनी लेकीला नाव विचारलं, तिने सवयीने लोपा एवढंच सांगितलं. काकू लगेच म्हणाल्या, लोपामुद्रा? माझ्या बहिणीचं नाव आहे. काना जिथल्या तिथे. माझी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली, आणि त्या दिवसापासून ती लोपा सांगत नाही, पूर्ण नाव सांगते.

यादीतल्या बाकीच्या नावांबद्दल पण थोडं बोलते, कुणाच्या मुलीचं नाव वाईट म्हणायचं नाही, सगळी नावं गोडच असतात. पण कियारा समोर संस्कृत लिहिलंय ते कशावरून, इटलीत कियारा नाव आहे आणि त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ, तो किती छान आहे, तोच द्या की. मायरा हे नाव काही शतकांपूर्वी एका इंग्रज कवीने आपल्या कवितेसाठी तयार केलं, ही गोष्ट त्या मुलीला मोठी झाल्यावर किती आवडेल. इंटरनेटवर एकाने काहीतरी लिहायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं असं चाललंय, आणि पेपरात आलं की लोकांना ते खरंच वाटतं, कारण आमच्याकडे अजून पेपरात आलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालतात. पन्नास नावं देऊ नका, दहाच द्या, पण नाव कुठून आलं, कोणत्या ग्रंथात आहे, कोणत्या भाषेतलं आहे ते दोन ओळीत लिहा. संस्कृत शिकवणारे शिक्षक गावोगावी आहेत, एक फोन केला तरी आनंदाने सांगतील.

पत्र मोठं झालं, कमी करावं लागलं तर माझ्या घरच्या गोष्टी काढा, सूक्ताचा नंबर आणि विदर्भाचं तेवढं राहू द्या. आणि छापताना प चा काना कृपा करून बघून घ्या, मुलगी हे कात्रण तिच्या वहीत चिकटवणार आहे.

आपली नेहमीची वाचक,
लोपामुद्राची आई, अमरावती