‘कुणाकडे जाऊ?’ या प्रश्नाचं नीट उत्तर देणाऱ्या ताईंना

प्रति,
समाजसेवा अधीक्षक ताई,
मानसोपचार विभाग, जिल्हा रुग्णालय

सप्रेम नमस्कार.

मनाच्या अडचणीत सापडलेल्या माणसाला जवळपासचा समुपदेशक शोधून देण्याचं काम आम्ही तालुक्यातले स्वयंसेवक करतो, ते तुम्ही शिकवलेल्या पद्धतीने. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण ही पद्धत दुसऱ्या गावांतही उपयोगी पडेल. तुमचं नाव घातलेलं नाही. नावापेक्षा काम पोहोचावं, हे तुम्हालाही पटेल याची खात्री आहे.

लोक विचारतात, “चांगला काउन्सेलर कोण?” तुम्ही आम्हाला सांगितलंत की या प्रश्नाला लगेच नाव सांगायचं नाही. आधी चार गोष्टी विचारायच्या: काय घडलंय, किती दिवस झाले, झोप आणि जेवण कसं आहे, रोजचं काम जमतंय का. एवढ्यावरून बहुतेक वेळा कळतं की माणसाला समुपदेशक हवा, डॉक्टर हवा, की वकील. लोक लाजेपायी मागे राहतात हे खरं. पण धीर करून बाहेर पडलेला माणूस पहिल्याच फेरीत चुकीच्या ठिकाणी पोहोचला तर तो दुसऱ्यांदा बाहेर पडत नाही. आमच्या कामाचा सगळा भर आता ही पहिली फेरी वाया जाऊ न देण्यावर आहे, आणि तो तुमच्यामुळे आहे.

कोण काय करतं, हे तुम्ही फार सोप्या भाषेत समजावलंत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयातलं एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या डॉक्टरच लिहून देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या करतो, थेरपी म्हणजे बोलण्यातून उपचार देतो, गोळ्या देत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक मागायचा, परिषदेच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव जुळतंय का पाहायचं आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेही बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि क्रमांक विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडे जायचंच नाही, हा तुमचा नियम आम्ही कधी मोडत नाही.

समुपदेशकांच्या बाबतीत मात्र घोळ आहे. मानसशास्त्रात एमए करून, समुपदेशनाचं प्रशिक्षण घेऊन वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आहेत, आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारीही आहेत. दोघांच्या पाटीवर शब्द एकच. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांत पदवी कुठली आणि एखाद्या संघटनेचं नुसतं सभासदत्व कुठलं, हे वेगळं काढायला तुम्ही शिकवलंत. त्याचबरोबर, पदवी हेच सर्वस्व मानू नका, असंही बजावलंत, आणि त्यासाठी गोव्याचं उदाहरण दिलंत. तिथे ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी बसवलं. सहा ते आठ बैठकी, ठरलेला आराखडा आणि कामावर नियमित देखरेख. रुग्णांना फरक पडला आणि २०१७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले. म्हणून आम्ही आता समुपदेशकाला एक जास्तीचा प्रश्न विचारतो: “अडलं तर तुम्ही कुणाचा सल्ला घेता?” ज्याला अनुभवी माणसाची देखरेख आहे, तो लगेच सांगतो. “मला कुणाला विचारावं लागत नाही,” हे उत्तर आलं की आम्ही पुढचा फोन लावतो.

पहिल्या फोनवर काय बोलायचं, याची तुम्ही जी चिठ्ठी दिलीत, ती आमच्याकडे सर्वांत जास्त वापरली जाते. अर्ध्या पानाचा कागद. वरच्या बाजूला तुमच्या अक्षरात प्रश्न: शिक्षण काय, अशा अडचणीत आधी काम केलंय का, एक सत्र किती मिनिटांचं, फी किती, ऐनवेळी यायला जमलं नाही तर पैसे लागतात का, मराठीत बोलता येईल का, सांगितलेलं कुणाकुणाला कळतं. मागच्या बाजूला जाणाऱ्यासाठी: वार, वेळ, कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीशी, कुणाचं नाव सांगायचं, परतीची एसटी किती वाजता. ही मागची बाजू आम्हाला सुरुवातीला किरकोळ वाटायची. पण झोप उडालेल्या माणसाला मोठ्या इमारतीत खोली शोधणंही जड जातं, आणि तीन ठिकाणांहून “इथे नाही, तिकडे विचारा” ऐकलं की तो घरी परततो.

भाषेचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. माणूस इंग्रजीमिश्रित, ठेवणीतल्या भाषेत “स्ट्रेस आहे” एवढंच सांगतो. स्वतःच्या बोलीत बोलायला लागला की “जीव घाबरा होतो”, “छातीत धडधडतं”, “कशात मन लागत नाही” असं नेमकं बाहेर येतं. नावाजलेल्या पण भाषेने परक्या तज्ज्ञापेक्षा आपल्या बोलीत ऐकून घेणारा साधा समुपदेशक बरेचदा जास्त कामाचा ठरतो, असं आमचं ठाम मत झालंय.

समुपदेशकाआधी डॉक्टर केव्हा, हे तुम्ही पाठ करून घेतलंत. सलग काही रात्री झोपच नाही, जेवण तुटलंय, नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे अशी पक्की खात्री वाटते, एकदम अफाट उत्साह आणि पैशांची उधळण, किंवा “मी नसलेलंच बरं” असं बोलणं: यांत आधी मानसोपचारतज्ज्ञ. मरणाचा विषय निघाला तर सरळ, शांतपणे विचारायचं की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं ठेवायचं नाही, घरातलं कीटकनाशक आणि जादा गोळ्या कुलपात टाकायच्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. रात्रीची वेळ असेल तर टेली-मानस या फोनवरच्या मदतसेवेचा १४४१६ हा नंबर. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर तज्ज्ञाकडे जोडून देतात. पोलिसांच्या भीतीने घरचे रुग्णालय टाळतात, म्हणून तुम्ही कायदाही सांगितलात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. पोलीस जबाब घ्यायला येतात, पण तेवढ्यासाठी उपचार लांबवायचे नाहीत.

शरीराकडेही बघायचं. थकवा, उदासी, चिडचिड थायरॉइडमुळे, रक्त कमी असल्यामुळे, बी-१२ जीवनसत्त्व कमी झाल्यामुळेही येते. एक साधी रक्ततपासणी आधी झाली तर महिने वाचतात.

आयुष्यातल्या बदलांची गोष्ट निराळी. सगळ्याला समुपदेशन लागत नाही, हे तुमच्यासारख्या या क्षेत्रातल्या व्यक्तीने सांगावं याचं आम्हाला कौतुक वाटतं. घरचं माणूस जाऊन महिना झाला आणि रडू थांबत नाही, हा आजार नव्हे. तिथे सोबत, जेवणाचा डबा आणि बँकेच्या कागदपत्रांत मदत लागते. सहा महिने उलटूनही दुःख पहिल्याइतकंच तीव्र असेल आणि दिवस ढकलणंही जमत नसेल, तेव्हा मदत शोधायची. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं सर्रास असतं, पण दोन आठवड्यांनंतरही ते चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं. बाळ झोपलेलं असूनही आईला झोप नाही, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करायचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी. निवृत्तीनंतर आलेली पोकळी, मुलं परदेशी गेल्यावरचं रिकामं घर, नोकरी जाणं, यांत चांगला समुपदेशक थोड्या बैठकींत बरंच काही करू शकतो, कारण तिथे आजारापेक्षा दिवसाची घडी विस्कटलेली असते.

नवरा-बायकोच्या तंट्यात तर ठिकाण फार विचारपूर्वक निवडावं लागतं. कोर्टात प्रकरण गेलं असेल तर कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. १९८४ च्या कायद्यातच ती तरतूद आहे आणि त्यासाठी वेगळी फी लागत नाही. पण मारहाण असेल तर दोघांना समोरासमोर बसवणारं समुपदेशन नको, हे तुम्ही पुन्हा पुन्हा सांगितलंत. नवऱ्यादेखत बाई खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी त्याची किंमत मोजते. अशा वेळी पोलिसांच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं हे काम आज राज्यभर पसरलंय. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या असतात आणि बाईच्या सुरक्षिततेचा विचार समेटाच्या आधी होतो. दारूचा प्रश्न असेल तर नुसतं समजावून भागत नाही. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर आणि मग पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारखं व्यसनमुक्ती केंद्र.

पैशांबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात. खासगीत शहरात एका सत्राला हजार-दोन हजार रुपये सहज लागतात, आणि एका सत्रात काहीच होत नाही. म्हणून सरकारी सोय आधी बघायची. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क लागतं. सकाळच्या ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टरांना प्रत्येकाला थोडीच मिनिटं देता येतात. तेवढ्यावर “सरकारीत कुणी ऐकत नाही” असं म्हणून लोक निघून जातात. समुपदेशनासाठी वेगळी वेळ मागून घ्यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या वारी येतं. तो वार आधी फोन करून विचारायचा.

लहान गावात गुप्ततेची अडचण कायद्याने सुटत नाही. माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात आहे, पण बाहेरच्या बाकावर सासरची माणसं बसली असतील तर त्याचा उपयोग काय? म्हणून शेजारच्या तालुक्यातलं नाव द्यायचं, किंवा फोनवरचं सत्र. फोनवर बोलायचं तर जागा आधी ठरवायची: इअरफोन लावून गच्ची, शेतातली शेड, उभी गाडी. स्वयंपाकघरात बसून दबक्या आवाजात केलेलं सत्र वाया जातं.

बिघडतं कुठे, तेही लिहितो. घरचेच वेळ ठरवतात आणि ज्याला जायचंय त्याला गाडीत बसल्यावर सांगतात. तो तिथे तोंड उघडत नाही. पहिल्या सत्रात बहुतांश वेळ माहिती विचारण्यात जातो, मग “नुसतं विचारलं, सांगितलं काहीच नाही” म्हणून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. तीन-चार सत्रं द्यावीत आणि मग सरळ विचारावं की आपण कुठवर आलो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानेच बंद करणं तर फारच घातक. त्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. आणि काही ठिकाणांहून लगेच बाहेर पडायचं: जिथे बरं करण्याची हमी देतात, दहा सत्रांचे पैसे आधीच मागतात, डॉक्टरांच्या गोळ्या थांबवायला सांगतात, एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगतात, नको तसा स्पर्श करतात. न पटलेला समुपदेशक बदलणं हा अपमान नाही, हे तुम्ही लोकांना तोंडावर सांगता. त्या एका वाक्यामुळे कितीतरी जण पुन्हा प्रयत्न करायला तयार होतात.

तुम्ही दिलेली यादी आम्ही ग्रंथालयात ठेवली आहे. नावापुढे शिक्षण, भाषा, फी, वार आणि शेवटचा फोन करून खात्री केल्याची तारीख असते. तारीख जुनी झाली की कुणीतरी पुन्हा फोन लावतं. गाव सोडून गेलेल्यांची नावं काढली आहेत. मुलांसोबत काम करणारं नाव मात्र अजून कमी पडतंय. जिल्ह्यात असं कुणी तुमच्या माहितीत असेल तर कळवा, यादीत घालायच्या आधी आम्ही नेहमीचे प्रश्न विचारून घेऊ.

ताई, गर्दीच्या ओपीडीतून वेळ काढून तुम्ही हे सगळं शिकवलंत, पुन्हा पुन्हा विचारलं तरी त्रासिक झाला नाहीत. आम्ही तुमचे ऋणी आहोत.

आपले,
तालुक्यातले सर्व स्वयंसेवक