बाबा, तुमच्या नावावर फिरणारे मेसेज

मुलुंड, जानेवारी २०२५

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून आईकडे फोन देतात आणि आई नातवाच्या डब्यावर येते. ग्रुपवर बोलावं तर आत्या, पुण्याचे काका, सगळा गोतावळा बघतोय. म्हणून पत्र. बाबांना चष्मा लावून सावकाश वाचता येईल, आणि मध्येच कुणाचं "शुभ सकाळ" टपकणार नाही.

बाबा, सोमवारी तुम्ही टाकलेला "चीनमधून आलेला नवा विषाणू एचएमपीव्ही" हा मेसेज मी शेवटपर्यंत वाचला. विषाणू नवा नाही. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी तो २००१ मध्ये शोधला, आणि माणसांत तो त्याच्याही आधीपासून होता. बहुतेकांना सर्दी-खोकला होतो आणि जातो. तान्ह्या मुलांनी आणि तुमच्या वयाच्या माणसांनी जरा जपायचं. पण खालचे उपाय वाचून मला हसूच आलं. "विषाणू चार दिवस घशात राहतो, कोमट पाणी प्या, मिठाच्या गुळण्या करा, तो मरतो." आठवतंय का? हाच मजकूर मार्च २०२० मध्ये आला होता. कुणीतरी करोना खोडून तिथे एचएमपीव्ही लिहिलंय, बाकी कानामात्राही बदललेला नाही. तेव्हा सोबत दहा सेकंद श्वास रोखायची परीक्षाही यायची. तुम्ही आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बसवून मनगटावरचं घड्याळ लावलं होतंत. सगळे पास! करोना झालेला धडधाकट तरुणसुद्धा त्यात पास झाला असता, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

मला खटकतं ते वेगळंच. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपने बंधन घातलं, की फार फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येईल. तुम्हाला ती कटकट वाटते. म्हणून तुम्ही मजकूर कॉपी करता आणि एकेका ग्रुपवर पेस्ट करता. दादरच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या, डाव्या हाताने करत होतात, मी शेजारीच होते. तसं केलं की बाण जातात. कुठल्या गावचा, कुणी लिहिलेला हे काही न कळणारा बेवारस मजकूर तुमचं आडनाव लावून पुढे जातो. मग वाचणारा मजकूर तपासत नाही, तुम्हाला ओळखतो. बेस्टमध्ये आयुष्यभर तिकिटांच्या हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे न झालेला माणूस कशाला उगाच काही सांगेल? गिरगावची मावशी तर "भाऊजींनी पाठवलंय" असं वर लिहूनच पुढे ढकलते. आई, तुझ्या भजनी मंडळातही तेच. तिथे तर आवाजाचे मेसेज. "मी एका मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर बोलतोय" म्हणणाऱ्याला नाव नसतं, गाव नसतं, पण ते आपल्या कुलकर्णी बाईंकडून आलेलं असतं ना!

आणि यातून काय होतं ते आपण २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याच इमारतीत पाहिलं. भीमसेनी कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब घालून केलेली पुरचुंडी. हुंगली की ऑक्सिजन वाढतो म्हणे. तळमजल्यावरच्या नानांनी ती रुमालाला बांधून गळ्यात घातली होती. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे खरं आहे. पण ते फक्त वाटणं असतं. नानांच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ८९ दाखवत होता आणि घरातली मंडळी पुरचुंडीत नवा कापूर भरत होती. ९४ च्या खाली गेलं की घरी थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं, हे तेव्हा सगळीकडे सांगत होते. शेवटी बाबा, तुम्हीच बेड मिळवून देणाऱ्या वॉर्डाच्या वॉर रूमला फोन लावलात, लागेपर्यंत लावत राहिलात, आणि रात्री जम्बो केंद्रात, त्या तात्पुरत्या करोना रुग्णालयात, बेड मिळाला. पुरचुंडीची कृती अजून ग्रुपवर सापडेल. तुमच्या त्या फोनांबद्दल मात्र कुणी ओळ लिहिली नाही, तुम्हीही नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

काही मेसेज तर साफ खोटेही नसतात, फक्त शिळे असतात. कोविशिल्ड या करोनाच्या लशीचंच बघा. दुसरा डोस आधी २८ दिवसांनी होता, २०२१ च्या मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे झाले, मे महिन्यात बारा ते सोळा. तुम्ही जुना मेसेज वाचून मे महिन्याच्या उन्हात केंद्रावर जाऊन उभे राहिलात आणि परत पाठवलं म्हणून सरकारला शिव्या घातल्यात. तो मेसेज लिहिला तेव्हा बरोबर होता. त्यावर तारीख नव्हती, एवढंच. रेमडेसिविर मिळण्याच्या ठिकाणांच्या याद्या, प्लाझ्मा देणाऱ्यांचे नंबर, ते तर सकाळचे संध्याकाळी कामाचे नसायचे. लोक रात्र रात्र त्यावर फोन करत बसले.

अर्ध्या खऱ्याचा ताप सगळ्यात मोठा. गेल्या वर्षी ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदपत्रांची बातमी आली, की कोविशिल्डच्या मूळ कंपनीने दुर्मिळ प्रसंगी रक्ताच्या गाठी होऊ शकतात हे मान्य केलं. बातमी खरी होती. पण हा धोका २०२१ मध्येच जाहीर झाला होता, आणि तो होतो तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. आईपर्यंत पोचेपर्यंत त्याचं "लस घेतलेल्या सगळ्यांना हार्ट अटॅक" झालं होतं. आई आठवडाभर झोपली नाही, आणि तुम्ही दोघं मला न सांगता रक्ताच्या तपासण्या करून आलात. डॉक्टरांनी सांगितल्या नव्हत्या, लॅबवाल्यानेही विचारलं नाही.

यात तुम्ही भोळे आहात असं मला म्हणायचं नाही. तुम्ही रोज सकाळी परळला ज्या हाफकिन या लशींच्या संस्थेच्या फाटकावरून फिरायला जाता, त्याची गोष्ट माहितीच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्याच महिन्यात, दवाखान्यात नेऊन माणसं मारतात या अफवेपायी गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तेच आजचं कस्तुरबा. मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण तिथेच दाखल झाले. जानेवारी १८९७ मध्ये, ज्याच्या नावाची ती संस्था त्या हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक बिचकतच होते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेली माणसं. साहेब घरात शिरून तपासणार, आजारी माणूस उचलून नेणार, आणि खरं-खोटं विचारायचं कुणाला? तुम्हाला विचारायला मी आहे, आपले नाक्यावरचे डॉक्टर आहेत. ते कधी दार बंद करत नाहीत.

तेव्हा बाबा, कॉपी-पेस्ट बंद. बाण राहू देत, लोकांना दिसू देत. औषधाचं, लशीचं काही आलं की आधी मला एकटीला पाठवा. दिवसातून दहा वेळा पाठवलंत तरी चालेल, मी कावणार नाही. आणि नानांच्या बेडसाठी काय काय केलंत, कुणाला फोन केलात, काय विचारतात, कोणते कागद जवळ ठेवावे लागले, ते तुमच्या शब्दांत लिहून ग्रुपवर टाका. टाइप करायचा कंटाळा आला तर बोला, मी लिहून देते.

आई, काढा आता पुरे. त्या २०२० च्या काढ्यातल्या मिऱ्या-दालचिनीने बाबांची जी ॲसिडिटी सुरू झाली ती अजून सुरूच आहे.

शनिवारी येते. फ्लूची लस दोघांनाही घ्यायची आहे, ती दर वर्षी घ्यावी लागते. डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, साडेदहाची. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी शोधून ठेव, बहुधा देवघराच्या खालच्या खणात आहे.

तुमची,
वैशू