आई, डोळ्याचा हिशेब डिझेलमध्ये करू नको

परभणी,
दि. १० एप्रिल २०२२

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज रामनवमी आणि त्यात रविवार, त्यामुळे गाडी दारातच उभी आहे. बऱ्याच दिवसांनी निवांत बसायला मिळालं, म्हणून पत्र लिहायला घेतलं. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई, तू माझं बोलणं त्यांना अर्धंच सांगतेस. हे पत्र दादाच्या पोरीकडून सावकाश वाचून घ्या.

आई, पाडव्याला तू म्हणालीस, "डोळ्याचं मागून बघू लेकरा. संप मिटला की एसटीनं येते. तू गाडी घेऊन येऊ नको, केवढं डिझेल जळतंय." फोन ठेवल्यावर मला ताटातली पुरणपोळी गेली नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. डॉक्टरांनी दीड महिन्यानं दुसरा डोळा दाखवायला बोलावलं होतं आणि आता एप्रिल निम्म्यावर आला. परवा तू तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत म्हणून ताट उन्हात घेऊन बसलीस, हे मला दादाच्या पोरीनं सांगितलं. तू सांगितलं नाहीस.

आता डिझेलचं खरं काय ते सांगतो. आजवर तुम्हाला "सगळं ठीक आहे" एवढंच सांगत आलो, ते बरोबर नव्हतं.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, सरकारनं दिवाळीत भाव उतरवला होता ना, मग लगेच एवढं कसं वाढलं? नोव्हेंबरात केंद्रानं अबकारी कर कमी केला, डिझेलवर १० रुपये आणि पेट्रोलवर ५ रुपये. त्यानंतर साडेचार महिने भाव जागचा हलला नाही. फेब्रुवारीत रशिया-युक्रेनची लढाई पेटली, कच्चं तेल बॅरलला शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी पंपावरचा आकडा तोच होता, कारण पाच राज्यांत निवडणुका होत्या. त्या उरकल्या आणि २२ मार्चपासून जवळजवळ रोज सकाळी ८० पैशांपर्यंत चढायला लागले. सोळा दिवसांत चौदा वेळा वाढले, सगळे मिळून १० रुपये. म्हणजे दिवाळीत जे हातात पडलं होतं, ते पाडव्याच्या आठवड्यात परत गेलं. चार दिवस झाले भाव थांबलाय, पण रोज सकाळी पंपाजवळून जाताना नजर आपोआप त्या पाटीकडे जाते.

आपल्या परभणीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो, त्याच्या वाहतुकीचा खर्च आपल्याच भावात बसतो. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हटलं की परभणीचं नाव निघतं. आज इथं पेट्रोल १२३ च्या वर आणि डिझेल १०६ च्या आसपास आहे. मागच्या महिन्यात बिदरचं एक भाडं मिळालं, तिथं डिझेल दहा रुपयांनी स्वस्त होतं. टाकी फुल करून आलो. पण बिदरचं भाडं काय रोज मिळतंय?

माझ्या पिकअपला दिवसाला १२ लिटर लागतं. लिटरमागे १० रुपये धरले तर रोजचे १२० आणि महिन्याचे तीन हजारांच्या वर. मी घरमालकाला जेवढं भाडं देतो, तेवढंच या सोळा दिवसांत माझ्या डोक्यावर आणखी चढलं. गाडीचा हप्ता मात्र आहे तेवढाच, आणि मालाचं भाडंही दीड वर्षापूर्वी ठरलं तेवढंच. खरं दुखणं हे होतं. डिझेलचा भाव सरकार आणि कंपन्या ठरवतात, पण भाडं मला स्वतःच्या तोंडानं मागावं लागतं. आणि ज्यांच्याकडे मागायचं ती सगळी आपलीच ओळखीची माणसं.

मागायचं टाळलं म्हणून मी मार्चमध्ये एक चूक केली. बाबा, तुम्ही रागावाल, पण सांगतो. वाढलेला खर्च जादा मालातून काढू म्हणून एका फेऱ्याला आठ पोती जास्त भरली. झिरो फाट्याच्या अलीकडे खड्ड्यात मागच्या चाकाचा स्प्रिंगचा पाटा तुटला. माल दुसऱ्या गाडीत उतरवला, रात्री अकरापर्यंत रस्त्यावर उभा होतो, आणि साडेचार हजार गेले. त्या रात्री तुम्ही फोन केला तेव्हा "जेवायलोय" म्हणालो होतो. जेवत नव्हतो. पाट्याखाली जॅक लावून बसलो होतो. परत तसं भरणार नाही.

त्यानंतर मी वसमतच्या मोंढ्यातल्या आपल्या आडत्याकडे गेलो. हळदीचा हंगाम, सगळा मोंढा पिवळा झालेला, काट्यावर हमालांची घाई. मी त्यांच्या गादीवर बसलो आणि पावतीच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला: भाडं ठरलं २०२० च्या दिवाळीत, तेव्हा डिझेल ऐंशीच्या आत. आज लिटरमागे पंचवीस रुपये तरी जास्त. एका फेऱ्याला सात लिटर, म्हणजे पावणेदोनशे रुपये. तेवढेच वाढवून द्या.

त्यांनी चष्मा लावून कागद नीट वाचला आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण दिवाळीत दहा रुपये उतरलं, तेव्हा तू हा कागद घेऊन आला नाहीस."

बाबा, माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं खरं होतं. उतरलं तेव्हा मी गप्प बसलो होतो, तेव्हा मला तो मागचा तोटा भरून निघतोय असं वाटलं होतं. मी तसंच सांगितलं त्यांना. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग त्यांनीच तोड काढली. आत्ता दीडशे वाढवून घे, आणि इथून पुढं डिझेल एक रुपया चढलं की फेऱ्यामागे सात रुपये वर, एक रुपया उतरलं की सात रुपये खाली. दोघांनी त्या पावतीवर सह्या केल्या. तिचा फोटो मोबाइलमध्ये आहे आणि मूळ कागद देवघरातल्या डब्यात. आता मला भाव उतरण्याची वाट बघायला आवडेल, कारण त्या दिवशी मी स्वतःहून त्यांच्या दारात जाणार आहे. बाकी तीन गिऱ्हाइकांनाही हाच हिशेब दाखवला. दोघांनी मानलं. एकानं दुसरी गाडी लावली, त्याला काही म्हणता येत नाही, त्याचंही पोट आहे.

दुसरी गोष्ट परतीच्या फेऱ्याची. वसमतहून रिकामी गाडी आणायची म्हणजे डिझेल नुसतं जाळायचं. आम्ही सहा पिकअपवाल्यांनी मोबाइलवर ग्रुप केलाय. कोण कुठं रिकामा होणार ते सकाळीच टाकायचं. आता आठवड्यातून तीनदा तरी येताना केळी मिळतात, कधी कडबा. भाडं कमी असतं, पण येण्याचं डिझेल निघतं.

आणि तिसरं तुमचंच आहे, बाबा. तुम्ही सकाळी एसटीच्या डेपोत गाडी काढायच्या आधी टॉमीनं, त्या लोखंडी दांड्यानं, प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकायचा. मी लहान असताना मला तो खेळ वाटायचा. आता मी रोज गाडी थंड असतानाच हवा बघतो. "ब्रेक मारायची वेळच येऊ नये असं चालव" हे तुमचं वाक्य मी कितीदा ऐकलं, पण पाळलं नव्हतं. महिनाभर पन्नास-पंचावन्नच्या वर गेलो नाही, पुढची गर्दी दिसली की लांबूनच अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला, काट्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवलं. अ‍ॅव्हरेज बारावरून साडेतेरावर आलं. डायरीत रोजचं लिहून ठेवलंय, तुम्ही आलात की दाखवतो. तुमच्या जुन्या सोबत्यांची आठवण येते. ऑक्टोबरच्या शेवटापासून एसटी बंद, आता कोर्टानं २२ तारखेपर्यंत कामावर यायला सांगितलंय. गाड्या परत रस्त्यावर दिसल्या की तुम्हाला किती बरं वाटेल ते मला माहीत आहे. तोवर काळी-पिवळीवाला जास्त पैसे घेतो म्हणून त्याच्यावर चिडू नका, त्याच्याही टाकीत हेच डिझेल आहे.

तुमच्या सुनेचं शेवयांचं काम जोरात आहे. गॅस सिलिंडर २२ मार्चला ५० रुपयांनी वाढलं, आणि स्कूटीवर रोज गल्लोगल्ली माल पोचवणं परवडेना. आता मंगळवार आणि शनिवार असे दोनच वार ठेवलेत. शेवयांच्या किलोमागे पाच रुपये वाढवले. बायका आधी कुरकुरल्या, पण शेवया हातात घेऊन बघतात आणि पैसे देतात.

आता आई, तुझं. जिंतूरला यायला-जायला सात लिटर लागतं, साडेसातशे रुपये. ते तू मनात मोजलंस आणि डोळा बाजूला ठेवलास. मला सांग, मी तापानं फणफणलो होतो तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत आलीस, तेव्हा पावलं मोजली होतीस का? गाडीचा हिशेब मला करू दे, तो मी करतो आहे. तुझा डोळा त्या हिशेबात धरायचा नाही.

आणि तुला खर्चाचीच काळजी असेल तर ऐक. बुधवारी, १३ तारखेला, माझं जिंतूरला पशुखाद्याचं भाडं आहे. गाडी तशीही येणार आहे. नऊपर्यंत माल उतरेल, साडेनऊला मी घरापाशी असेन. तुम्ही दोघंही पुढं केबिनमध्ये बसा, मागं ज्वारीचं पोतं आणायचं असेल तर तेही टाकू. दुपारी दोनची डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे. १४ तारखेला जयंतीची मिरवणूक आहे, चिंगी आज्जीसोबत बघायची म्हणून आत्तापासून मागे लागली आहे. शनिवारी मला परत जिंतूरचं भाडं आहे, तेव्हा तुम्हाला सोडीन.

डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली आणि जानेवारीतली फाईल पिशवीत ठेव. फाईल कपाटातल्या वरच्या फळीवर आहे, चादरींच्या खाली.

तुमचा,
बाळू