चित्रपटाला गप्प बसू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतली चित्रपट परीक्षणं मी न चुकता वाचते. मागे एका परीक्षणात ‘चित्रपट संथ आहे’ एवढ्याच कारणावरून तारे कापलेले दिसले. तो चित्रपट मी पाहिला होता आणि मला मनापासून आवडला होता. तेव्हापासून हा ‘संथ’ शब्द डोक्यातून जाईना. गेल्या दोन-अडीच महिन्यांत बरेच चित्रपट पाहिले, काही आजीच्या काळातले, काही अगदी अलीकडचे. पाहताना एकच गोष्ट टिपत गेले: चित्रपट कुठे बोलतो आणि कुठे गप्प राहतो. त्याबद्दलच हे पत्र.

सुरुवात ‘कुंकू’पासून झाली. व्ही. शांताराम यांचा, प्रभातचा, १९३७ सालचा. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा आणि तिचा ठाम नकार, ही गोष्ट ऐकून माहीत होती. पण या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही, हे ठाऊक नव्हतं. गाणी आहेत, शांता आपटे तर एक इंग्रजी कवितासुद्धा गातात. मात्र प्रसंगांच्या मागून वाजणारी व्हायोलिनं, बासऱ्या असलं काही नाही. घड्याळाची टिकटिक आहे, आजूबाजूचे नेहमीचे आवाज आहेत आणि माणसं बोलायची थांबली की खरोखरची शांतता आहे.

माझा मुलगा मधूनच खोलीत आला, पडद्याकडे क्षणभर बघितलं आणि रिमोट उचलून आवाजाची पट्टी तपासायला लागला. त्याला वाटलं, आवाज गेलाय. “गेलेला नाही, बस,” म्हटलं. बसला नाही, पण वकील झालेले केशवराव दाते आरशात स्वतःचं म्हातारपण बघतात तो प्रसंग संपेपर्यंत दाराला टेकून उभा राहिला. त्या म्हाताऱ्याची चीड यावी की कीव, हे ठरवायचं काम शांतारामांनी आमच्यावर सोडलं होतं. मला दोन्ही आलं, एकाच वेळी. मागे एखादी करुण धून वाजली असती तर फक्त कीव आली असती आणि नीरावर तो अन्याय झाला असता.

त्याच आठवड्यात त्याच प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहिला. विष्णुपंत पागनीसांबद्दल सगळेच बोलतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र गौरीबाईंची जिजाई पुनःपुन्हा बघावीशी वाटते. देवाशी भांडणारी, घरात खायला नाही म्हणून नवऱ्यावर खेकसणारी आणि त्याच नवऱ्यावर जीव टाकणारी. तिच्या रागात कुठेही अभिनयाचा वास येत नाही. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नाही, शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे, हे अजूनही पुष्कळांना खरं वाटत नाही. एखाद्या गीतकाराला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

म्हणजे मी संगीताच्या विरोधात आहे असं कृपया समजू नये. ‘पथेर पांचाली’ (१९५५) या वेळी तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा त्याच जागी हुंदका आला. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो. आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो आणि दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो. दुर्गा गेली आहे, हे त्याला माहीतच नाही. सर्वजया ती साडी धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातली तारशहनाई किंचाळते. सत्यजित राय यांनी आईचं रडणं काढून टाकलं आणि वाद्याला रडायला लावलं. हे जमलं, कारण तोवर त्यांनी संगीत जपून वापरलं होतं. पहिल्या मिनिटापासून कानाशी सतत काहीतरी वाजत राहिलं असतं, तर ही तारशहनाईही त्यातच बुडाली असती.

हिचकॉकची गोष्टही याच संदर्भात आठवते. ‘सायको’मधल्या (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असं त्याचं सुरुवातीचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मननं तरीही व्हायोलिनचे ते चिरत जाणारे स्वर लिहिले, ऐकवले आणि हिचकॉकनं आपलं मत बदललं. पुढे १९६३ साली याच दोघांनी ‘द बर्ड्‌स’मध्ये नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. तिथे पक्ष्यांची फडफड आणि चीत्कार पुरेसे होते. म्हणजे संगीत हवं की नको, हे ते प्रसंग बघून ठरवत होते. मला म्हणायचंय ते एवढंच.

आता अलीकडचे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पाहायचा राहून गेला होता. कॅमेरा खोलीच्या एका टोकाला ठेवलेला, जागचा हलत नाही. वकील कलमं वाचून दाखवतात, तारखा पडतात, पंखे फिरतात. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. एवढा विलक्षण आरोप, पण ‘बघा, काय हा अन्याय’ असं चित्रपट एकदाही म्हणत नाही. शेवटाकडे कोर्ट रिकामं होतं, एकेक दिवा मालवतो, दार बंद होतं आणि आपण अंधारात बसून राहतो. मला वाटलं, संपला. संपत नाही. पुढे जे येतं ते सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तिथे उठू नये एवढंच सांगते. ‘संथ’ म्हणून या चित्रपटाचे तारे कुणी कापले असतील तर ते परत द्यावेत.

विम वेंडर्सचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३) तर निव्वळ आनंद आहे. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा दिवसभरात मोजकेच शब्द बोलतो. आरसा आणून वाकून खालची बाजू तपासतो. गाणी ऐकू येतात ती बहुतेक त्यानं लावलेल्या कॅसेटची, म्हणजे त्याला हवी तेव्हा. शेवटी कोजी याकुशोच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत मिसळत जातं आणि कॅमेरा तिथून हटत नाही. किती वेळ, ते मोजलं नाही. मोजायचं सुचलंच नाही.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मुलाच्या आग्रहावरून पाहिला, म्हणजे आता फिट्टंफाट झाली. ९६ मिनिटं, जवळजवळ सगळी एका खोलीत, बारा माणसं आणि उकाडा. पंखा चालत नाही म्हणून सगळे वैतागलेले असतात. मग पाऊस येतो, अंधारतं, कुणीतरी दिवा लावतं आणि पंखाही सुरू होतो. त्या पंख्यानं मला जितकं हायसं वाटलं तितकं कुठल्याच विजयी धूनेनं वाटलं नसतं.

विनोदी चित्रपटांनाही हेच लागू आहे, किंबहुना जास्तच. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घरात कितव्यांदा लागला देव जाणे. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ या प्रश्नानंतर अशोक सराफांचा चेहरा बघा. हसू त्या क्षणभराच्या थांबण्यातून येतं.

आणि मग परवा एक नवा कौटुंबिक चित्रपट पाहिला. नाव लिहीत नाही, करणाऱ्यांची मेहनत दिसत होती. वडील गेल्याचा फोन मुलाला येतो. अभिनेता उत्तम, फोन कानाला धरून तो नुसता भिंतीकडे बघत राहतो. एवढंच पुरेसं होतं. पण त्याच्या चेहऱ्याची रेघही हलायच्या आत व्हायोलिनं सुरू, मागोमाग पियानो, मग आलाप. मला त्या अभिनेत्याबद्दल खरंच वाईट वाटलं. त्याचं काम कुणीतरी त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.

शांततेवर दुसरा घाला घरच्या पडद्यावर पडतो. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) परत पाहत होते. डुक्कर पकडण्याच्या धावपळीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी थिजतं, तो प्रसंग आजही अंगावर येतो. शेवटी त्या कुटुंबातल्या मुलानं, जब्यानं, भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. त्या काळ्या पडद्यावर आपण एकटे राहावं, म्हणून तर तो दगड मारलाय! पण श्वास घेते न घेते तोच श्रेयनामावली आक्रसून कोपऱ्यात गेली आणि पुढच्या कुठल्यातरी नाचगाण्याच्या चित्रपटाची चौकट उलट मोजणी करत उगवली: पाच, चार, तीन. रिमोट हाताशी नव्हता. नाच सुरू झाला.

हे ‘ऑटोप्ले’ बऱ्याच ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतं. मला ते उशिरा कळलं, म्हणून इतर वाचकांसाठी मुद्दाम लिहिते.

आपल्या परीक्षकांना एक विनंती आहे. कथा, अभिनय, छायाचित्रण यांबरोबर ध्वनीबद्दलही दोन ओळी लिहाव्यात. पार्श्वसंगीत कुठे मदतीला आलं, कुठे आडवं आलं, चित्रपट कुठे गप्प राहिला. आणि महिन्यातून एकदा तरी एखाद्या जुन्या चित्रपटाचं परीक्षण छापावं, तारे न देता. पहिला ‘कुंकू’ घ्यावा. माझ्या मुलानं तो आता सुरुवातीपासून बघायचा ठरवलंय.

आपली नम्र,
एक नियमित वाचक